सशाच्या लेंड्या रोज बघता ना?

नमस्कार श्रोतेहो. आज सशांबद्दल बोलायचंय. ससा बहुतेक वेळा पोरांच्या हट्टापायी घरात येतो, चार दिवस कौतुक होतं, मग गॅलरीतल्या पिंजऱ्यात बसून गाजर खात राहतो आणि एक दिवस सकाळी आडवा पडलेला दिसतो. मग आमच्याकडे फोन येतो, "डॉक्टर, काल संध्याकाळपर्यंत एकदम मस्त होता हो, अचानकच गेला." दवाखान्यात ससे बघते म्हणून सांगते, अचानक असं फार कमी वेळा असतं. बहुतेकदा आदल्या दिवसापासून, कधी त्याच्याही आधीपासून काहीतरी बिघडलेलं असतं. पण ससा कुत्र्यासारखा केकाटत नाही की कण्हत नाही. रानात जो आजारी दिसतो तो आधी उचलला जातो, त्यामुळे दुखणं लपवायची सवय त्याच्या रक्तातच आहे, घरात आला म्हणून ती जात नाही.

मग ओळखायचं कसं? माझं उत्तर ऐकून लोक तोंड वाकडं करतात, पण मी तेच सांगणार. रोज सकाळी पिंजऱ्यातल्या लेंड्या बघा. चांगल्या सशाची लेंडी हरभऱ्याएवढी, गोल, कोरडी असते, बोटांत चुरली तर आत गवताचा भुसा दिसतो, वाससुद्धा फारसा येत नाही. दिवसाला शे-दोनशेच्या वर पडतात, मोजत बसायची गरज नाही, केर काढताना अंदाज येतोच. त्या मिऱ्याएवढ्या बारीक झाल्या, वेड्यावाकड्या झाल्या, केसांनी एकमेकींना जोडलेल्या माळेसारख्या पडायला लागल्या की समजायचं पोट मंदावलंय. आणि पडायच्याच थांबल्या तर मग वाट बघत बसायचं नाही.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण यावर नेहमी विचारतात. ससा पहाटे किंवा रात्री मागे तोंड घालून काहीतरी खातो, ते बघून लोक घाबरतात, पोरं ईईई करतात. ती वेगळी लेंडी असते, मऊ, चकचकीत, बारक्या द्राक्षांच्या घडासारखी, थोडा वास येणारी. ती त्याने खायचीच असते, तिच्यातूनच त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. ती न खाता पिंजऱ्यात तशीच पडलेली रोज दिसायला लागली तर मात्र विचार करा, एकतर पेलेट, म्हणजे दुकानातलं दाणेदार तयार खाणं, आणि गोडधोड जास्त होतंय, किंवा तो इतका जाड झालाय की मागे वाकताच येत नाही.

आता पोट थांबणं, डॉक्टर लोक याला जीआय स्टेसिस म्हणतात. सशाचं आतडं सतत चालू राहिलं पाहिजे आणि ते चालतं धाग्यावर, म्हणजे गवताच्या चोथ्यावर. आपण काय देतो? चपाती, बिस्किट, भात, गाजर, वर रंगीबेरंगी पेलेट. त्यात दिवाळीचे फटाके, उन्हाचा कडाका, दाढेचं दुखणं यातलं काही निमित्त झालं की खाणं बंद, खाणं बंद की आतडं बंद, आतडं बंद की आत गॅस धरतो, गॅसने दुखतं, दुखतं म्हणून अजून खात नाही. असं चक्र फिरत राहतं. ससा कोपऱ्यात पाठ वर करून, अंग आखडून बसतो, डोळे अर्धे मिटलेले असतात, कान लावून ऐकलंत तर दात करकर वाजतात. कोथिंबीर नाकापाशी धरा, आवडती कोथिंबीरसुद्धा तोंड फिरवून नाकारली तर तीच तुमची टेस्ट. दहा-बारा तास खाणं नाही आणि लेंडीही नाही म्हणजे इमर्जन्सी, रात्र असली तरी. "उद्या रविवार आहे, सोमवारी दाखवू" यात ससे जातात.

दवाखान्यात आम्ही पोट चाचपतो, लागलं तर एक्स-रे काढतो, कारण आतडं नुसतं मंदावलंय की कुठे काही अडकलंय हे आधी कळायला लागतं. मग सलाईन, दुखणं कमी करायचं औषध, आतडं हलवायचं औषध. दुखणं थांबलं की अर्धे ससे स्वतःहून गवताकडे वळतात, हे मला अजूनही बघायला आवडतं. घरी भरवायचं असेल तर पेलेट पाण्यात भिजवून पातळ लापशी करायची आणि सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने थोडी थोडी द्यायची, समोरून घशात मारायची नाही. पण पोट ढोलासारखं ताठ लागत असेल तर काहीही भरवू नका, सरळ निघा. सशाला उलटी होतच नाही, आत गेलेलं वर येत नाही. ओव्याचं पाणी, हिंग वगैरे मला विचारतात, मी म्हणते त्यात वेळ घालवू नका.

दात. सशाचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे पटाशीचे तर आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर. गवत आडवं-तिडवं चघळण्याने ते झिजतात, चपातीने झिजत नाहीत. मध्ये एक बाई ससा घेऊन आल्या, तक्रार काय तर खाण्याकडे धावत जातो, तोंडात घेतो आणि टाकून देतो, हनुवटी सारखी ओली. त्यांना वाटलं नखरे करतोय, म्हणून रोज नवीन भाजी आणत होत्या. पुढचे दात ठीक दिसत होते, पण आत बघितलं तर खालच्या दाढेला काट्यासारखं टोक आलेलं आणि ते जिभेत रुतून जखम झालेली. म्हणजे लाळ गळणं, एका डोळ्यातून सारखं पाणी, जबड्याखाली गाठ, यातलं काही दिसलं की दाढा तपासून घ्या. पुढचे दात वाढले म्हणून नेलकटरने कापायचे नाहीत हं, दात उभा चिरतो आणि मुळाशी पू होतो. आम्ही भूल देऊन घासतो. आणि कुठल्याही ऑपरेशनआधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं, कोणी कुत्र्यासारखं रात्रीपासून उपाशी ठेवा म्हणालं तर परत एकदा विचारा.

औषधांचं आता जरा कडक बोलते. घरात मुलाचं ॲमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सिरप असतं, ससा शिंकतोय म्हणून लोक त्यातलं थोडं पाजतात. सशाला तोंडावाटे ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लिंडामायसिन म्हणजे विषच. त्याच्या पोटात सीकम नावाची मोठी पिशवी आहे, तिच्यातल्या चांगल्या जंतूंवर सगळं पचन चालतं, हे औषध ते मारतं, मग वाईट जंतू वाढून विष सोडतात, जुलाब लागतात आणि काही दिवसांत ससा जातो. शिंका, नाकातून घट्ट शेंबूड, पुढच्या पायांची आतली बाजू चिकट (कारण तो नाक पायाने पुसतो), हे असेल तर सर्दी खरीच आहे आणि सशाला ती जड जाते, कारण तो श्वास नाकानेच घेतो. पण त्याची अँटिबायोटिक वेगळी आहेत, ती डॉक्टरच देतील. तसंच पिसवांसाठी कुत्र्याचा फिप्रोनिलवाला स्प्रे मारू नका, त्याने ससे दगावतात.

खरूज आपल्याकडे खूप. नाकाच्या शेंड्यावर, ओठांवर, नखांभोवती पांढरी-करडी खपली चढते, नाहीतर कानात तपकिरी पापुद्र्यांचे थर. खपली खरवडू नका, खाली कच्चं मांस असतं, ती औषधाने आपोआप सुटते. औषध म्हणजे आयव्हरमेक्टिन, साधारण दोन आठवड्यांनी परत द्यावं लागतं. गावाकडे काही जण गुरांचं इंजेक्शन घरीच टोचतात. अहो, ते गुरांना ५० किलो वजनाला १ मिलीच्या हिशोबाचं, तुमचा ससा दीड-दोन किलोचा, एक थेंब इकडेतिकडे झाला तर केवढा फरक पडतो बघा. घरातल्या सगळ्या सशांचे उपचार एकदमच करायचे, पिंजरा धुवून उन्हात टाकायचा, आणि ही खाज माणसालाही लागते, तेव्हा पोरांना हात धुवायला लावा.

पिल्लांना जुलाब म्हणजे बहुतेकदा कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यात वाढणारे बारीक परजीवी, पावसाळ्यात ओल्या पिंजऱ्यात जास्त. पेट शॉपवाले फार लहान पिल्लं विकतात हा माझा राग आहे, सहा-आठ आठवडे तरी आईपाशी राहायला हवं. पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं आणि बूड घाण दिसलं तर ताजी लेंडी डबीत घेऊन या, मायक्रोस्कोपखाली बघता येते. बूड ओलं राहिलं की पावसाळ्यात माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात, म्हणून शेपटीखाली रोज नजर टाका. अंघोळ मात्र घालू नका, घाण झालेला भाग तेवढाच पुसा.

उन्हाळ्याचं विदर्भातल्या, खानदेशातल्या श्रोत्यांनी नीट ऐका. सशाला घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायला मुख्यतः कानच. तिशीच्या वर तापमान गेलं की त्याला जड जायला लागतं, तिथे तुमच्याकडे तर ४५ होतं. कान लालभडक गरम, मान ताणून जोरजोरात श्वास, तोंड ओलं, असं दिसलं की सावलीत घ्या, नळाच्या पाण्याने कान ओले करा आणि डॉक्टरांकडे न्या. बर्फाच्या पाण्यात बुचकळू नका, त्या धक्क्यानेच जातो. रोजच्यासाठी पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून, फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवा, तो तिला टेकून झोपेल.

लाल लघवीचं टेन्शन घेऊन बरेच जण येतात. बीट खाल्लं किंवा अंगातल्या रंगद्रव्यामुळे सशाची लघवी केशरी-लाल होते आणि ते चालतं. पण मादी तीन-चार वर्षांची असेल आणि लघवीत मधूनच रक्ताचे ठिपके दिसले तर गर्भाशय तपासा, सशिणींमध्ये गर्भाशयाचा कॅन्सर खूप आढळतो, म्हणूनच तरुणपणी ऑपरेशन करून घ्या म्हणतो. मान एकाएकी वाकडी झाली तर ती दृष्ट नाही नि करणी नाही, कानाचा संसर्ग किंवा मेंदूत बसणारा एक परजीवी, यावर औषध आहे, महिनाभर चालतं, आणि मान थोडी तिरकी राहिली तरी ससे मजेत जगतात.

खायला काय, तर दिवसभर गवत. टिमोथी परदेशी, महाग, मिळालं तर छान, नाहीतर हरळी, मारवेल स्वच्छ धुवून, सुकवून. लसूणघास पिल्लांना चालतो, मोठ्याला रोज नको, त्यातल्या कॅल्शियमने लघवीत खडे होतात.

दवाखान्यात आणताना कान धरून उचलू नका, छाती आणि ढुंगण दोन्हीला आधार द्या, पाय झाडताना त्याचाच मणका मोडतो. हवेशीर खोक्यात टॉवेल अंथरा, कालच्या लेंड्या पुडीत घ्या, आणि जोडी असेल तर दुसऱ्यालाही बरोबर आणा, सोबती शेजारी असला की आजारी ससा लवकर खायला लागतो.