पाणी सुटलेली बाटली

[दृश्य: खिडकीबाहेर धो धो पाऊस. लाकडी कपाटात बाटल्यांची रांग.]

जुलै महिना. मुंबईतल्या एका कॉलेजची केमिस्ट्रीची लॅब. चार दिवस उन्हाचं नाव नाही. लॅबमधले मामा कपाटातून एक बुटकी बाटली काढतात, उजेडात तिरकी धरतात आणि म्हणतात, "घ्या! हिलाही पाणी सुटलं."

पावसाळ्यात गुळाला सुटतं ना, अगदी तसंच. एरवी आत साखरेसारखे पांढरे खडे असतात. आज तळाशी पाकासारखा चिकट गोळा आहे. लेबल आहे युरोपियम नायट्रेटचं. या खड्यांमध्ये एकेका युरोपियममागे पाण्याचे सहा-सहा रेणू मुळातच असतात. तरी त्यांची तहान भागत नाही, हवेतली वाफही ते ओढून घेतात.

यूव्ही दिव्याखाली युरोपियम लाल चमकू शकतं, पण हेच पाणी त्याचा उजेड गिळतं. आजची गोष्ट त्याचीच आहे.

[दृश्य: खिडकीत चार परीक्षानळ्या.]

युरोपियम हे दुर्मिळ मृदा म्हणवणाऱ्या कुटुंबातलं. नाव फसवं आहे. ही मूलद्रव्यं माती नव्हेत, आणि सगळी दुर्मिळही नाहीत. यातलं सेरियम पृथ्वीच्या कवचात साधारण तांब्याइतकं आहे. मामांनी खिडकीत त्यांच्या नायट्रेटांची द्रावणं मांडली आहेत. प्रासिओडिमियम पोपटी, निओडिमियम जांभळट, एर्बियम गुलाबी. युरोपियम मात्र पाण्यासारखं, त्याला रंगच नाही म्हणा.

जांभळट नळी आता जुन्या सीएफएलखाली नेऊ. जांभळा रंग गेला, फिकट निळसर राहिला! नळीत काही बदललेलं नाही. निओडिमियम पिवळ्या उजेडाची एक अरुंद पट्टी शोषतं, आणि सीएफएलचा उजेड उन्हासारखा सलग नसतो, तुकड्यातुकड्यांचा असतो. गंमत म्हणजे त्यातला तांबडा तुकडा बहुधा युरोपियमच पुरवतं.

पोपटी आणि जांभळी या नळ्या एकेकाळी एकच मूलद्रव्य समजल्या जात, डिडिमियम नावाचं. १८८५ साली व्हिएन्नात कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी ती जोडी फोडली. तीही नायट्रेटच्या जोरावर. अमोनियमबरोबरच्या दुहेरी नायट्रेटचे स्फटिक पाडायचे, पुन्हा विरघळवायचे, पुन्हा पाडायचे. नुसती चिकाटी.

[दृश्य: अंधारलेली खोली. यूव्ही दिवा.]

आता मुख्य काम. टीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करायच्या प्लेटा बघायचा हा दिवा, २५४ नॅनोमीटरच्या अतिनील (यूव्ही) किरणांचा. साधी काच ही किरणं अडवते, म्हणून मामा द्रावण उघड्या वॉचग्लासमध्ये, म्हणजे काचेच्या उथळ बशीत ओततात. डोळ्यांवर चष्मा हवाच.

युरोपियम नायट्रेटचं पाण्यातलं द्रावण दिव्याखाली धरलं. काहीच नाही. कॅमेरामन दोनदा विचारतो, "दिवा चालू आहे ना?"

चालू आहे. अडचणी दोन आहेत. एक, युरोपियमला प्रकाश शोषायला फारसा जमत नाही. दोन, जेवढा शोषला तेवढाही टिकत नाही. पाण्यात त्याच्याभोवती आठ-नऊ रेणूंचा गराडा असतो. नायट्रेट बिचारं पाण्यापुढे दुबळं. बहुतेक वेळा गराड्याबाहेरच ताटकळतं. आणि पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजनचा बंध सतत थरथरत असतो. युरोपियमकडची ऊर्जा तो तीन-चार ढांगांत उतरवून घेतो, आणि तिची उष्णता होऊन जाते. उजेड म्हणून बाहेर पडायला फारसं काही उरत नाही.

पाण्याऐवजी जड पाणी घेतलं तर? त्यात हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे त्याचाच जड भाऊ. तो बंध जडपणाने, हळू थरथरतो, तीच ऊर्जा उतरवायला त्याला जास्त ढांगा लागतात, आणि चोरी मंदावते. साध्या पाण्यात युरोपियमची चमक सुमारे ०.११ मिलिसेकंद टिकते, जड पाण्यात सुमारे ४ मिलिसेकंद. १९७९ मध्ये विल्यम हॉरॉक्स आणि डॅनियल सडनिक यांनी याच फरकावरून युरोपियमला पाण्याचे किती रेणू चिकटलेत ते मोजायची रीत बसवली. चोरीच्या वेगावरून चोर मोजायचे! जड पाण्यासाठी मुंबईकराला लांब बघायला नको. खाडीपलीकडे, अलिबागजवळ थळला १९८७ पासून त्याचा कारखाना आहे.

[दृश्य: वॉचग्लास अगदी जवळून.]

मामांकडे साधा उपाय आहे. लोखंडाचं प्रमाण काढायला कॉलेजात फेनँथ्रोलिन नावाचं रसायन असतंच. ते अल्कोहोलमध्ये विरघळवून युरोपियम नायट्रेटच्या अल्कोहोलमधल्या द्रावणात थेंब थेंब सोडायचं. पांढरा साका धरतो, दुधात लिंबू पिळल्यासारखा. दिवा लावा.

लाल. कुंकवाइतका लाल.

इथे नायट्रेटचे दिवस पालटतात. पाणी फारसं नाही, त्यामुळे तिन्ही नायट्रेट दोन-दोन हातांनी युरोपियमला धरतात. फेनँथ्रोलिनचे दोन रेणूही तसेच. दहाच्या दहा जागा भरल्या, पाण्याला शिरकाव नाही. फेनँथ्रोलिन यूव्ही शोषतं आणि ऊर्जा आत पोचवतं. बाहेर येतो ६१५ नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा उजेड. ५९२च्या आसपास नारिंगी रेघही असते, पण तिची चमक फारशी बदलत नाही. ६१५ची रेघ शेजारी कोण बसलंय त्यावर भडकते किंवा मंदावते. नायट्रेट आत आलं की बाहेर, हे जाणकार या दोन रेघांच्या प्रमाणावरून ओळखतात.

[दृश्य: प्रभादेवी. सिद्धिविनायकाचा रस्ता.]

केरळच्या काळ्या वाळूतून ही दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं काढायला १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी उभी राहिली. तिचं मुख्य कार्यालय इथेच, प्रभादेवीला. त्याच वाळूतल्या थोरियम या धातूचं नायट्रेट १९५५ पासून तुर्भ्याला (ट्रॉम्बेला) तयार होऊ लागलं. कशासाठी? गॅसबत्तीच्या मेंटलसाठी! थोरियम नायट्रेटात जेमतेम एक टक्का सेरियम नायट्रेट मिसळायचं, त्यात जाळीदार पिशवी भिजवायची आणि जाळायची. नायट्रेट जातं, ऑक्साइडचा ठिसूळ सांगाडा राहतो आणि पांढराशुभ्र उजळतो. ही कृतीही आउअर यांचीच. गणपतीच्या मिरवणुकीत डोक्यावर बत्त्या घेऊन चालणारी माणसं ज्यांनी पाहिली असतील, त्यांनी हा उजेड पाहिला आहे.

[दृश्य: पुन्हा लॅब. संध्याकाळ.]

मामा बाटलीच्या झाकणाला ग्रीस लावतात आणि ती डेसिकेटरमध्ये, म्हणजे वस्तू कोरड्या ठेवायच्या भांड्यात ठेवतात. आतली निळी सिलिका जेल ओल शोषून पार गुलाबी पडली आहे. ती बशीत काढून ते ओव्हनमध्ये सरकवतात.

"निळी व्हायला तासभर तरी लागेल," ते म्हणतात. "तोवर चहा घेऊ."