सावली सरळ पडावी म्हणून

निपाणी परिसरातल्या एका छोट्या एक्स-रे केंद्रात सकाळी पहिल्या आलेल्या आजींचे उभे आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेले आहे, आणि गेला महिनाभर त्यांचा खोकला हटत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘छाती, पी.ए. व्ह्यू’ एवढेच लिहिले आहे. टेक्निशियन आधी गळ्यातली बोरमाळ काढून ठेवायला सांगतो, मग पाठीवर रुळणारी वेणी उचलून डोक्यावर बांधायला लावतो; कारण घट्ट वेणीचीही सावली पडते आणि ती फुप्फुसाच्या वरच्या टोकावर आली, तर नसलेला डाग दिसू शकतो.

आपल्याकडे ‘फोटो काढून आणा’ असे सर्रास म्हणतात, पण एक्स-रे म्हणजे खरे तर सावली. 22 डिसेंबर 1895 रोजी विल्हेल्म राँटगेन यांनी आपल्या पत्नीचा हात प्लेटवर ठेवून जे चित्र मिळवले, तीही हाडांची आणि बोटातल्या अंगठीची सावलीच होती. कंदिलासमोर धरलेला हात भिंतीपासून जितका दूर, तितकी त्याची सावली मोठी आणि पुसट, हे लहानपणी भिंतीवर ससे-हरणे नाचवलेल्यांना वेगळे सांगायला नको. हृदय छातीत पुढच्या बाजूला असते. म्हणून आजींना छाती प्लेटला टेकवून, किरण सोडणाऱ्या ट्यूबकडे पाठ करून उभे केले जाते, ट्यूब साधारण 180 सेंटिमीटर दूर ठेवली जाते आणि किरण पाठीतून शिरून छातीतून बाहेर पडतात; पी.ए. या दोन अक्षरांचा अर्थ एवढाच. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा एक्स-रे मात्र समोरून, कमी अंतरावरून, म्हणजे ए.पी. पद्धतीने काढावा लागतो. त्यात हृदय आहे त्याहून मोठे दिसते, आणि फिल्मवर तशी नोंद नसेल तर धडधाकट हृदयाला नसता आजार चिकटतो.

हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरे पुढे. या अवघडलेल्या पवित्र्याने खांद्याची पाती बाहेर सरकतात आणि फुप्फुसे मोकळी दिसतात. अंग किंचितही वळले असेल तर ते फिल्मवर लपत नाही, कारण दोन्ही हासळ्यांची आतली टोके मणक्याच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर आहेत की नाहीत, हे डॉक्टर सर्वांत आधी पाहतात.

खरी कसोटी श्वासाची. ‘आजी, मोठा श्वास घ्या, धरून ठेवा’, आणि मागोमाग अथणीकडून आलेल्या पुढच्या रुग्णाला तोच टेक्निशियन म्हणतो, ‘उसिरु तगोरी, हिडकोरी.’ सीमाभागात हे काम दोन भाषांत करावे लागते, आणि माझ्या मते इथल्या टेक्निशियनचे अर्धे कौशल्य या चार शब्दांच्या वेळेत आहे. सूचना उशिरा कळली आणि श्वास अर्धाच भरला, तर श्वासपटल वर राहते, हृदय रुंद दिसते आणि फुप्फुसांचा तळ गर्दी होऊन धुरकट भासतो. न्यूमोनियाची शंका यायला तेवढे पुरते. पुरता श्वास भरलेला असेल तर श्वासपटलाच्या वर मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता येतात.

दुपारी चिकोडीकडचा एक ऊसतोड कामगार येतो. मोळ्या चढवताना ट्रॉलीवरून तोल गेला आणि तो तळहातावर पडला. त्याचे मनगट एकदा पालथे आणि एकदा करंगळीची कड प्लेटवर टेकवून घेतले जाते, कारण हाडाची सरकलेली चीर समोरून पाहताना पार झाकली जाऊ शकते आणि काटकोनातल्या दुसऱ्या चित्रात उघडी पडते. अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर तो कळवळतो. मग तिसरे चित्र निघते: हात पालथाच, पण मनगट करंगळीकडे वळवलेले. त्यामुळे एरवी आखूड आणि दुमडलेले दिसणारे स्कॅफॉईड नावाचे छोटे हाड लांबून पसरते. किरण कुठे पडणार ते दाखवणारी प्रकाशाची चौकट मनगटापुरती आवळली जाते, कडेला उजव्या हाताचा शिशाचा मार्कर ठेवला जातो.

तिन्ही चित्रांत चीर दिसत नाही. तरी डॉक्टर हात मोकळा सोडत नाहीत; या हाडाची बारीक चीर पहिल्या दिवशी न दिसणे नेहमीचेच. प्लास्टर घालून त्याला 10 ते 14 दिवसांनी परत बोलावले जाते, आणि तेच मनगट, त्याच कोनात वळवून, पुन्हा प्लेटवर ठेवले जाते.