कॉर्फूचा शनिवार

शनिवारची सकाळ. अकरा वाजायला पाच मिनिटं आहेत. ग्रीसच्या कॉर्फू बेटावरच्या कॉर्फू शहरातला लिस्टन हा कमानींचा रस्ता माणसांनी गच्च भरलाय, पण बाल्कन्यांच्या बरोब्बर खालची फरशी तेवढी मोकळी ठेवली आहे. सगळ्यांच्या माना वर. बाल्कन्यांवरून लाल कापडं सोडलीत आणि कठड्यांवर मातीचे घडे मांडलेत. अरुंद तोंडाचे, दोन कानांचे, पाण्याने भरलेले.

घंटा वाजते. घडे खाली येतात.

आवाज आधी छातीत बसतो, मग कानात. पाणी उडतं, खापऱ्या घरंगळतात, आणि गर्दीतून एकच आरोळी उठते.

या घड्यांना इथे 'बोतीदेस' म्हणतात. पाणी भरायचं ते दणका वाढावा म्हणून. आज ईस्टरचा आदला दिवस, येशूच्या पुनरुत्थानाची पहिली वर्दी. ही रीत आली कुठून? बरेच जण व्हेनिसकडे बोट दाखवतात. तिकडे म्हणे नव्या वर्षाला जुनं सामान खिडकीतून फेकून द्यायचे. १३८६ ते १७९७ एवढा काळ बेटावर व्हेनिसचं राज्य होतं, तेव्हा हे पटण्यासारखं आहे. शेवटचा घडा फुटला की लोक वाकून खापऱ्या शोधू लागतात. एक तुकडा घरी न्यायचा, शकुनाचा.

त्याआधी सकाळीच संत स्पिरिडॉनची पालखी निघून गेलेली असते. हा मूळचा सायप्रसचा मेंढपाळ, पुढे बिशप झाला. त्याचा देह पंधराव्या शतकात, कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडल्यावर, इथे आणला गेला. वर्षातून चार वेळा त्याला काचेच्या पालखीत उभं करून शहरातून फिरवतात. बेटावर श्रद्धा अशी, की संत रात्री गल्ल्यांमधून हिंडतो, लोकांच्या अडीअडचणी बघतो, आणि त्यात त्याच्या पायातल्या सपाता झिजतात. म्हणून त्याला नव्या सपाता घालतात. त्याच्याच नावावरून पोरांची नावं ठेवतात; बाजारात 'स्पिरोस' अशी हाक मारली तर निम्मी दुकानं ओ देतील!

पण कॉर्फूचा जीव अडकलाय तो बँडमध्ये. ब्रिटिश अमलात संताच्या मिरवणुकीत पलटणीचा बँड वाजायचा. मग ब्रिटिशांनी त्याला मनाई केली. गावाने काय करावं? १८४० मध्ये आपली स्वतःची फिलहार्मोनिक संस्था उभी केली. तिची संगीताची धुरा निकोलाओस मांझारोस यांच्याकडे होती. ग्रीसच्या राष्ट्रगीताची चाल यांचीच. मुलांना तिथे फुकट शिकवायचे. आज शहरात तीन मोठे बँड आहेत आणि खेड्यापाड्यांतले वेगळे. जुन्या संस्थेचे ते 'लाल', १८९० मध्ये निघालेल्या मांझारोस बँडचे ते 'निळे'. गुड फ्रायडेच्या रात्री हेच वादक शोकधून वाजवत इतक्या सावकाश चालतात, की एक गल्ली सरता सरत नाही. आणि शनिवारी घडे फुटले, की तीच माणसं झपझप पावलं टाकत आनंदाच्या धून वाजवू लागतात. आदल्या रात्री ज्यांनी डोळे पुसले, तेच आता टाळ्यांनी ताल धरतात. हा बदल डोळ्यांसमोर घडताना पाहिला की अंगावर काटा येतो.

समोरचं मैदान स्पियानादा. ब्रिटिशांनी इथे १८२३ मध्ये क्रिकेट आणलं, मुंबईतल्या पारशी मंडळींनी आपला पहिला क्लब काढला त्याच्या पंचवीस वर्षं आधी. ब्रिटिश १८६४ मध्ये गेले. क्रिकेट राहिलं. आल्याचं गार पेयही राहिलं, 'त्सित्सिबीरा' या नावाने.

मध्यरात्री मैदानातल्या बँडच्या चौथऱ्यावरून बिशप पुनरुत्थानाची घोषणा करतात. जुन्या किल्ल्यावर दारूकाम सुरू होतं. हजारो मेणबत्त्या एकीवरून एक पेटत जातात. आता ज्योत विझू न देता घर गाठायचं. ओंजळ धरून, वाऱ्याला पाठ देऊन, म्हातारीकोतारीही चालत असतात. दाराशी पोचल्यावर चौकटीवर ज्योतीच्या काजळीने क्रूस काढायचा. मग कोकराच्या आतड्या-काळजाचं सूप, लाल अंडी, आणि 'फोगात्सा' हा गोड पाव. ईस्टरआधीचा मोठा उपास सुटतो.

सुट्टी संपते. पाहुणे बोटीने परततात. अरुंद गल्ल्यांत, दोन घरांच्या मध्ये बांधलेल्या दोऱ्यांवर पुन्हा धुणी वाळू लागतात. संध्याकाळी बँडच्या शाळेची खिडकी उघडी असते, आणि आत कुणी पोर क्लॅरिनेटवर एकच ओळ घोटत असतं. चुकतं. थांबतं. पुन्हा पहिल्यापासून.