एकटा माणूस ‘अलम्नाय’ नसते, राजेहो!

राम राम मंडळी. दिवाळी जवळ आली का आपल्या वऱ्हाडात गावोगाव माजी विद्यार्थी मेळाव्याचे फ्लेक्स लागतात, अन् माझ्या कमेंटमध्ये एकच प्रश्न येते: सर, अलम्नस लिहू का अलम्नाय?

माजी विद्यार्थ्यासाठी चार लॅटिन शब्द आहेत, पटकन सांगतो. एक पुरुष, अलम्नस, शेवटी यू-एस. एक बाई, अलम्ना, शेवटी ए. अनेक पुरुष किंवा बाया-माणसं मिळून, अलम्नाय, शेवटी आय. नुसत्या बाया, अलम्नी, शेवटी ए-ई. झालं.

आता माझं डोकं फिरते ते ऐका. एका फ्लेक्सवर वकीलसाहेबांचा फोटो, खाली ‘अलम्नाय, 1998’. फोटोत साहेब एकटेच. बाकीची बॅच कुठं गेली बाप्पा?

दोष त्यांचा नाही, आपल्या ‘विद्यार्थी’चा आहे. एक विद्यार्थी आला, दहा विद्यार्थी आले. शब्द हालतच नाही. अलम्नायलाही आपण तसंच धरतो. म्हणून ‘विद्यार्थी’ बाजूला ठेवा अन् ‘पोरगा’ घालून पाहा. पोरगा असला तर अलम्नस, पोरं असली तर अलम्नाय. ‘मी या कॉलेजचा पोरं आहे’ असं कोणी म्हणते का?

माझ्या भाचीनं बायोडाटा दाखवला: ‘आय ॲम ॲन अलम्नाय’. अवं, ‘ॲन’ म्हणजे एक, अन् लगेच पुढं अख्खी वरात! तिथं अलम्ना पाहिजे. आता काही जण बाईलाही अलम्नस लिहितात, ते एक वेळ चालवून घेईन. एकट्या माणसाला अलम्नाय, हे नाही.

कोणी म्हणते, मग सरळ ‘अलम’ लिहू, स्त्री-पुरुष भानगडच नाही. लिहा, इंग्रजीत बोलताना चालते. फक्त त्याच स्पेलिंगचा दुसरा अर्थ तुरटी. पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवतो, तीच. उच्चार वेगळा आहे, पण फ्लेक्सवर उच्चार छापत नाहीत.

उच्चारावरून निघालं म्हणून सांगतो. जुन्या लॅटिन उच्चारात उलटं आहे: पुरुष अलुम्नी, बाया अलुम्नाय. कोणी प्राध्यापक तसं बोलले तर कमेंटमध्ये भांडू नका, मागच्या वेळी लय झालं. स्पेलिंग पाहा.

एका ताईंनी विचारलं, बारावीनंतर लग्न झालं, कॉलेज अर्धंच राहिलं, मी अलम्ना आहे का? आहात ताई. मूळ लॅटिन क्रियापद ‘पोसणे’ या अर्थाचं. अलम्नस म्हणजे पोसलेलं लेकरू, शिष्य. इंग्रजी शब्दकोशही नुसतं शिकून गेलेल्याला धरतात. डिग्री मागणारे आपलेच गाववाले.

अन् हो, कॉलेजवाले एकदम माजी विद्यार्थी का शोधत फिरतात, हेही विचारता. नॅक म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारी संस्था. तिच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण ठेवले होते, त्यावरून समजून घ्या.

फ्लेक्स छापायला गेला असेल तर ‘अलम्नाय मीट’ अन् ‘अलम्नाय असोसिएशन’ला हात लावू नका, ते बरोबर आहे. फोटोखालचं तेवढं बदला. अन् त्याच फेरीत ‘विद्यार्थिनी’मधली थि ऱ्हस्व करून घ्या, फ्लेक्सवाला तिथं दीर्घच टाकते.