साहेब, हिशेब विचारायचा होता

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत ५२ मुलं आहेत. पहिली ते चौथी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक लागतात. गेल्या जूनमध्ये एका गुरुजींची बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणीच आलं नाही. उरलेले गुरुजी पहिली-दुसरीला पाढे लिहायला लावतात, शेजारच्या खोलीत जाऊन तिसरी-चौथीला गणित सांगतात, तेवढ्यात पोषण आहाराची नोंद करायची वेळ होते. माझी धाकटी त्याच शाळेत चौथीला आहे. मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे.

गेल्या महिन्यात आम्ही पालकांनी आमच्या भागाच्या आमदारांना मोबाइलवरच्या बैठकीला बोलावलं. ते आले आणि तासभर थांबले. त्यांचं नाव मी घेत नाही, कारण आज मला बोलायचंय ते आपण पालक कसं विचारतो याबद्दल.

मोबाइलवर का, असं काही जणांनी विचारलं. ग्रामसभा आहेच की. आहे, पण ग्रामसभेत आमच्या बायका कुठं बसतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मागं, भिंतीला टेकून. एखादी उठून बोलायला लागली की पुढून कुणीतरी म्हणतं, ‘थांब गं, मोठी माणसं बोलतायत.’ मोबाइलच्या बैठकीत पुढं-मागं नव्हतं. एकीनं फोन तिखटाच्या डब्याला टेकवून ठेवला होता, मागं कुकर चालू होता. आणि तिनं थेट आमदारांना विचारलं. जन्मात पहिल्यांदा.

पण ही बैठकीची गोष्ट झाली. खरं काम त्याआधी तीन संध्याकाळी शाळेच्या पडवीत झालं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही प्रश्न लिहायला बसलो. चौरेघी वहीचं पान घेतलं. शिक्षक द्या. कंपाउंड बांधून द्या. मुलींचं स्वच्छतागृह दुरुस्त करून द्या. नऊ ओळी झाल्या आणि मी मोठ्यानं वाचल्या, तेव्हा लक्षात आलं, नऊच्या नऊ ओळी ‘द्या’वर संपत होत्या. एकही प्रश्न नव्हता. सगळं मागणं होतं. आपल्या जिभेलाच ते वळण पडलंय. ‘साहेबांनी शाळेला खोली दिली’ असंच आपण म्हणतो. पाटीवरही तसंच लिहिलेलं असतं. आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटींचा असतो, आणि त्यातला रुपयान् रुपया सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून आलेला असतो.

हे मी म्हटलं, तर खालच्या आळीतली एक आई म्हणाली, ‘ताई, ते उलटून म्हणले, तुमी कुठं कर भरता, तर काय बोलायचं? आमी मजुरीवाले.’

हा प्रश्न मी तिथंच सोडला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. मी तिला विचारलं, ‘बैठकीसाठी रिचार्ज मारलास ना? कितीचा?’ म्हणाली, २९९ चा. तिच्या सातवीतल्या पुतणीला आम्ही हिशेब घातला. मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी, तो २९९ च्या आतच धरलेला असतो. मग मूळ किंमत किती आणि कर किती? पोरीनं पाटीवर भागाकार केला, दोनदा तपासला. पंचेचाळीस रुपये एकसष्ट पैसे. त्या बाईनं पाटी हातात घेतली आणि बराच वेळ त्या आकड्याकडं बघत राहिली. आमदारांशी बोलायला जे रिचार्ज मारलं, त्यातच तिनं पंचेचाळीस रुपये सरकारजमा केले होते.

मग सगळ्यांनाच सुचायला लागलं. साबण. बाजाराला नेणाऱ्या टेम्पोचं डिझेल. घरपट्टी. वहीवर २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के कर होता. तो आता माफ झालाय, पण इतकी वर्षं पोराच्या वहीमागं आपण कर भरत होतोच. ज्यांची माणसं एमआयडीसीत कामाला आहेत, त्यांच्या पगारपत्रकात दोनशे रुपये व्यवसाय कर दिसतो. हा कर १९७५ साली लागला तोच मुळी रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला.

शहरात ऐकत असाल तर मालमत्ता कराचं बिल काढा. त्यात ‘राज्य शिक्षण कर’ अशी एक ओळ असते. १९६२ च्या कायद्यानं लागलेला कर आहे तो. आयकर भरणाऱ्यांच्या करावर आज ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर बसतो. हा उपकर केंद्राकडंच राहतो, राज्यांना वाटून द्यायच्या रकमेत तो धरत नाहीत. २००७ पासून माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी एक वेगळा १ टक्का घेत होते. त्याचे ८३ हजार कोटींहून जास्त रुपये जमले, तरी त्यासाठीचा वेगळा निधी मार्च २०१७ पर्यंत उभाच केला नव्हता, हे सरकारी हिशेब तपासणाऱ्या खुद्द कॅगनं आपल्या अहवालात लिहून ठेवलंय. शिक्षणाच्या नावानं घेतलेला पैसा शिक्षणावर कसा लागला, हे विचारायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि हे विचारणं आपल्या मातीत नवं नाही. १९ ऑक्टोबर १८८२ ला जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढं निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं अगदी हिशेबाचं होतं. सरकारचा बहुतेक महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो, वरच्या श्रीमंत वर्गाकडून जवळजवळ काही येत नाही, मग त्या पैशातून वरच्या वर्गाचंच उच्च शिक्षण का चालावं? लोकल फंडाचा, म्हणजे जमिनीवर बसणाऱ्या उपकराचा, निदान निम्मा पैसा फक्त प्राथमिक शिक्षणासाठी राखून ठेवा, असं त्यांनी आकडा धरून सांगितलं. बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण हवं, हेही त्याच निवेदनात आहे. मी पडवीत हे वाचून दाखवलं तेव्हा सगळे गप्प झाले. एक आजोबा म्हणाले, ‘म्हंजे दीडशे वर्षं झाली की हेच विचारतोय.’

दुसऱ्या संध्याकाळी ‘द्या’ खोडायला बसलो. ‘शिक्षक द्या’ऐवजी लिहिलं, ‘कायद्याप्रमाणे दोन पदं असताना एक जून महिन्यापासून रिकामं का, आणि ते कोणत्या तारखेपर्यंत भरणार?’ स्वच्छतागृहाच्या प्रश्नाशी मात्र आम्ही अडखळलो, कारण तो आमच्यावरच उलटला. समग्र शिक्षा योजनेतून पटाप्रमाणे शाळेला अनुदान येतं. ३० पर्यंत मुलं असतील तर वर्षाला १० हजार, ३१ ते १०० असतील तर २५ हजार. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी. मग आमच्या शाळेचे पैसे कधी आले, किती आले, कशावर गेले? हे बघणं कायद्यानं व्यवस्थापन समितीचं काम आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, हे कायद्यानं घातलंय ते याचसाठी. आणि मी दोन वर्षं इतिवृत्तावर न वाचता सह्या केल्या होत्या. हे मी त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, आज तुम्हालाही सांगते. आमदारांना विचारायच्या आधी आम्ही शाळेची रोकडवही मागवली. गुरुजींनी लगेच दिली. त्यांनाही बरं वाटलं असावं.

आता बैठक.

सुरुवातीला आमदार म्हणाले, ‘तुमच्या शाळेला मी माझ्या निधीतून एक वर्गखोली देतो.’ एरवी इथं टाळ्या पडल्या असत्या. पण खालच्या आळीतल्या त्या बाईनं माइक चालू केला आणि म्हणाली, ‘साहेब, खोल्या दोन हायत. खोलीत उभं राह्याला गुरुजी न्हाईत.’ मग चौरेघी पानावरचा प्रश्न तिनं जसाच्या तसा वाचला. एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होती, पडद्यावर फक्त तिचं कपाळ दिसत होतं.

पुढं बोलता बोलता आमदार म्हणाले, ‘तुम्हा बहिणींच्या खात्यात दर महिन्याला दीड हजार येतात की नाही?’ माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, आता सगळ्या गप्प बसतील. दुसरी एक आई बोलली, ‘येतात साहेब, आणि कामी पडतात, पोरांचं दवाखान्याचं त्यातच निघतं. पण ते पैसे आन् गुरुजींचा पगार, दोन्ही कराचंच ना? मग एक मिळालं म्हणून दुसऱ्याचं विचारू नये का?’ आमदार क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘विचारा, ताई.’ त्यांच्या त्या दोन शब्दांचं मला मोल वाटतं, म्हणून सांगितलं.

मग अंड्याचा प्रश्न आला. राज्यानं २०२३ च्या शेवटी शाळेतल्या आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला, आणि अंडी द्यायचीच असतील तर लोकसहभागातून पैसे जमवा असं शाळांना कळवलं. आधीच पहिली ते पाचवीच्या एका मुलाच्या जेवणाला मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे धरलेत. तांदूळ वेगळा येतो, पण डाळ, भाजी, तेल, मसाला, सरपण सगळं यातच. आमच्या ५२ मुलांचं अंडं पाच रुपयांनी धरलं तर आठवड्याला २६० रुपये. आमच्याकडं लोकसहभाग म्हणजे कोण? तीच मजुरीवाली माणसं, ज्यांनी रिचार्जवर पंचेचाळीस रुपये भरलेत. त्यांनी एकाच अंड्याला दोनदा पैसे द्यायचे का? माझ्या मुलीला अंड्याचा वार पाठ होता. बंद झाल्यावर तिनं विचारलं, ‘आई, कोंबड्या संपल्या का?’ हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा माझा आवाज बसला होता. आमदार यावर काही बोलले नाहीत, त्यांनी टिपून घेतलं.

तुमच्याकडं अशी बैठक ठरवणार असाल तर एवढं सांगते. प्रश्न दोन दिवस आधी लेखी पाठवा, म्हणजे ‘माहिती घेऊन सांगतो’ असं म्हणायला जागा उरत नाही. तारीख विचारल्याशिवाय माइक सोडू नका. आणि जिथून पैसा येतो त्या योजनेचं नाव घ्या. नाव घेतलं की समोरच्याचं बोलणं बदलतं, हे मी ऐकलंय.

लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळेल असं ठरलं होतं. एकविसाव्या दिवशी आलं. शेजारच्या वाडीवरच्या शाळेतल्या एका शिक्षिका बाईंना आठवड्यातून तीन दिवस आमच्या शाळेवर पाठवलंय. त्या परवा सोमवारी आल्या. मुलांनी फाटकापर्यंत पळत जाऊन त्यांची पिशवी घेतली. पद मात्र अजून रिकामंच आहे. स्वच्छतागृहाचं दार आम्ही अनुदानातल्या शिल्लक पैशातून बसवलं, त्याची पावती रोकडवहीत लावलीय. अंड्यापुढं लिहिलंय, ‘वरिष्ठ स्तरावर विचाराधीन.’

पुढची बैठक येत्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी सात वाजता. पान तेच आहे. पहिला प्रश्न अंड्याचा, आणि तो त्या खालच्या आळीतल्या बाईच वाचणार आहेत.

नमस्कार.