स्टिकवरची टेप कोणाची?

मंडळी, 2023 मध्ये आइस हॉकीच्या एका लीगने खेळाडूंच्या स्टिकवरच्या इंद्रधनुषी टेपला मनाई केली, त्या वादाबद्दल बोलायचं आहे. जर्सी आणि टेप यांतला फरक आधी सांगतो, कारण सगळा वाद तिथेच आहे. आइस हॉकीचा खेळाडू स्टिकच्या पात्याला आणि दांड्याला कापडी टेप गुंडाळतो. पात्यावरच्या टेपमुळे चकती नीट ताब्यात राहते, दांड्यावरच्या टेपमुळे हात घसरत नाही. जर्सी संघ देतो. टेप मात्र ज्याची त्याने, आपापल्या सवयीने गुंडाळायची.

उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या लीगमध्ये ‘प्राइड नाइट’ला, म्हणजे एलजीबीटीक्यू समुदायाच्या सन्मानार्थ ठेवलेल्या सामन्याला, अनेक संघ वॉर्म-अपपुरती इंद्रधनुषी रंगांची जर्सी घालत. नंतर तिचा लिलाव होई आणि पैसे सामाजिक कामाला जात. जानेवारी 2023 मध्ये फिलाडेल्फिया फ्लायर्सच्या इव्हान प्रोव्होरोव्हने आपल्या ऑर्थोडॉक्स श्रद्धेचं कारण देऊन ती घालायला नकार दिला. तो वॉर्म-अपला उतरला नाही, सामना मात्र खेळला. पुढे इतर संघांतले काही खेळाडूही नाही म्हणाले.

मला त्यांचं मत पटत नाही. पण नको असलेली जर्सी कुणाच्या अंगावर चढवू नये, हे मी मान्य करतो. इथवर लीगची अडचण खरी होती. जूनमध्ये आयुक्त गॅरी बेटमन यांनी जाहीर केलं की वॉर्म-अपच्या खास जर्सी आता बंद. त्यांचं म्हणणं, या जर्सींमुळे मूळ कार्यक्रमावरून लक्ष उडतं. कर्करोगग्रस्तांसाठीच्या आणि सैनिकांच्या सन्मानाच्या जर्सीही त्यात गेल्या.

ऑक्टोबरात मात्र लीगने हद्द केली. प्राइड टेपलाही, म्हणजे स्टिकला गुंडाळायच्या इंद्रधनुषी रंगांच्या टेपलाही, मनाई! जर्सीची सक्ती नको असेल, तर टेप हाच त्यावरचा सरळ मार्ग होता. वाटेल त्याने लावावी, नको त्याने साधी लावावी. नकार देणाऱ्याच्या विवेकाला लीगने जागा दिली. होकार देणाऱ्याच्या विवेकाला तेवढीच जागा का नाही?

उत्तर बर्फावरच मिळालं. 21 ऑक्टोबरला ॲरिझोना कायोटीजचा ट्रॅव्हिस डरमॉट स्टिकच्या दांड्याला ती टेप लावून उतरला. तो काही लीगमधला बडा तारा नव्हता. संघातली जागा टिकवण्यासाठी झगडणारा बचावपटू होता, म्हणून मला त्याचं मोल अधिक वाटतं. तीनच दिवसांत लीगने टेपवरची बंदी उठवली.

आपल्या क्रिकेटमध्ये त्याच डिसेंबरात उस्मान ख्वाजाला ‘सगळ्यांचे जीव समान’ अशा अर्थाचं वाक्य बुटांवर मिरवू दिलं नाही. तिथे नियम आयसीसीचा होता आणि तो टिकला.

जुलै 2021 मध्ये एनएचएल संघाशी करारबद्ध असलेल्या ल्यूक प्रोकॉपने आपण समलिंगी आहोत, असं उघड सांगितलं. असं सांगणारा तो पहिलाच. आज एखाद्या ज्युनिअर संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये गप्प बसलेल्या मुलाला लीगच्या पत्रकापेक्षा शेजारच्याच्या स्टिकवरची टेप आधी दिसते. ती काढायला लावण्याचा अधिकार लीगला असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.