भात शिजला, बीजाणू जागे झाले

नमस्कार श्रोतेहो.

नात्यातल्या एका लग्नाच्या आदल्या रात्री मसालेभात उरला. मोठं पातेलं, वर घट्ट झाकण, झाकणावर वजन. सकाळी तोच गरम करून न्याहारीला द्यायचा असं ठरलेलं. मी झाकण काढून हात खोलवर घातला. वरचा भात गार, कडेचा गार, आणि मधला अजून कोमट. म्हटलं, "काकू, हा कुणाला वाढू नका." काकू म्हणाल्या, "अगं, उकळत्या पाण्यात शिजलाय, आता परत वाफ काढू. त्यात कसले जंतू राहतात?"

काकूंचा प्रश्न रास्त आहे. आज त्याबद्दलच बोलते.

बॅसिलस सीरियस नावाचा एक जिवाणू मातीत राहतो. शेतातून तो तांदळाच्या दाण्यासोबत आपल्या डब्यात येतो. अन्नपाणी संपलं की हा जिवाणू मरत नाही, बीजाणू बनतो. पेशीच्या पोटात एक छोटी कुपी तयार होते, आतलं बरंचसं पाणी बाहेर काढलं जातं, त्या जागी डायपिकोलिनिक आम्ल आणि कॅल्शियम साठवलं जातं. डीएनएला खास प्रथिनं चिकटून बसतात आणि त्याला जपतात. वर कवचाचे थरावर थर. श्वास नाही, खाणं नाही, वाढ नाही. अशा स्थितीत तो वर्षानुवर्षं पडून राहू शकतो.

हे कवच किती पक्कं असतं ते मी विद्यार्थ्यांना दरवर्षी दाखवते. काचपट्टीवर मॅलाकाइट ग्रीन हा हिरवा रंग घालायचा आणि खालून वाफ द्यायची, कारण वाफेशिवाय तो बीजाणूच्या आत शिरतच नाही. मग पाण्याने धुवायचं. बाकी पेशींतला रंग निघून जातो, बीजाणूतला निघत नाही. शेवटी सॅफ्रानिन हा लाल रंग. सूक्ष्मदर्शकाखाली लालसर कांड्या दिसतात आणि एकेकीच्या पोटात चकचकीत हिरवा ठिपका. पहिल्यांदा पाहणारी मुलं भिंगावरून डोळा काढायला तयार नसतात.

आता भात शिजवा. १०० अंशांना साध्या पेशी मरतात, बरेचसे बीजाणू मात्र तगतात. एवढंच नाही, तर ही उष्णताच त्यांना झोपेतून हलवते. भोवतालचे इतर जंतू मेलेले, पाणी मुबलक, पिठूळ अन्न तयार. पातेलं कोमट झालं की बीजाणू फुगतो, कवच सोडतो, पुन्हा कांडी होतो आणि दुभंगायला लागतो. दर अर्ध्या तासाला दुप्पट असं धरलं, तर दहा तासांत एकाचे दहा लाख. मोठ्या पातेल्याच्या पोटात रात्रभर हीच ऊब टिकून असते.

आणि परत वाफ काढून काय होतं? जंतू मरतील. पण वाढताना त्यांनी जे विष भातात सोडलं, ते सेरेयुलाइड, १२१ अंशांना दीड तास ठेवलं तरी टिकतं. असा भात खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. १९७०च्या दशकात ब्रिटनमधल्या चिनी उपाहारगृहांत फ्राइड राइस खाऊन लोक आजारी पडत होते, त्याचं मूळ हेच निघालं. तिथे भात ढिगाने उकडून रात्रभर बाहेर ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी परतायचे.

म्हणून उरलेला भात परातीत पातळ पसरा, पंख्याखाली निववा आणि तास-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवा. पातेलं तसंच फ्रिजमध्ये सरकवू नका, मधला भाग तिथेही तासन्‌तास कोमट राहतो.

हा शत्रू शास्त्रज्ञांनाही बराच काळ चकवत होता. उकळलेल्या गवताच्या काढ्यातही जीव कसे येतात, हे कोडं होतं. १८७६ साली फर्डिनांड कोन यांनी गवतातल्या बॅसिलसचे बीजाणू दाखवून दिले. पुढच्याच वर्षी जॉन टिंडल यांनी उपाय सांगितला: एकदा उकळा, थांबा, झोपलेल्यांना जागं होऊ द्या, मग पुन्हा उकळा. माझी आजी दूध सकाळ-संध्याकाळ तापवायची, ते मला हे शिकवताना हमखास आठवतं. तिला बीजाणू ठाऊक नव्हते, पण दूध एकदा तापवून भागत नाही हे पक्कं ठाऊक होतं.

कवच न बांधताही झोपणारे जंतू आहेत, आणि मला त्यांची जास्त काळजी वाटते. पटकीचा जंतू थंड, अन्न नसलेल्या पाण्यात पडला की त्याचा स्वल्पविरामासारखा बाक जातो. तो आक्रसून बारीक गोळा होतो. प्रयोगशाळेत असं पाणी खाद्य घातलेल्या बशीवर पसरलं, तर एकही ठिपका उगवत नाही. पाणी शुद्ध, असा अहवाल जाईल. १९८२ साली रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बशी रिकामी असली तरी पेशी जिवंत असतात. पुढे असेही प्रयोग झाले, की हे झोपलेले जंतू स्वयंसेवकांनी गिळले आणि माणसाच्या आतड्यात ते जागे झाले, पुन्हा बशीवर वाढू लागले.

पण हा जंतू पाण्यात बहुधा सुटा नसतो. तो कोपेपॉड नावाच्या इवल्या प्राण्यांना चिकटून राहतो, आणि ते प्राणी कापडात अडकतात. कोलवेल यांच्या गटाने बांगलादेशातल्या मतलब भागात बायकांना जुनी सुती साडी चार-आठ पदरी करून घागरीच्या तोंडावर धरायला सांगितलं. २००३ साली निकाल छापून आला: पटकीचे रुग्ण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. नव्या साडीपेक्षा जुनीच बरी ठरली, कारण धुऊन धुऊन तिचे धागे फुलतात आणि विणीतली भोकं बारीक होतात.